शेवटापासून सुरुवात

ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत, कुठून ऐकू, असं कुणी विचारलं की मी गायक-गिटारवादक बी. बी. किंग यांचा ‘वन काइंड फेवर’ हा अल्बम सुचवतो. मग पुढचा प्रश्न ठरलेला: ‘अहो, पण तो तर त्यांचा शेवटचा स्टुडिओ अल्बम ना? शेवटापासून कशाला?’

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. हा अल्बम २००८ साली आला तेव्हा किंग ८२ वर्षांचे होते. निर्माता टी-बोन बर्नेट. पियानोवर डॉ. जॉन, ड्रम्सवर जिम केल्टनर. गाणी मात्र जुनीपुराणी: लॉनी जॉन्सन, टी-बोन वॉकर, म्हणजे ज्यांना ऐकून किंग घडले त्यांची. शिष्य ऐकताना गुरूही कानावर पडतात. (ग्रॅमीही मिळालं, पण ते काही ऐकायचं कारण नव्हे.)

पहिल्यांदा लावला तेव्हा मी वाटाणे सोलत बसलो होतो. पहिल्याच गाण्याला हात थांबले. गाणं ब्लाइंड लेमन जेफरसन या जुन्या ब्लूज गायकाचं, १९२०च्या दशकातलं. मागणं एवढंच: एक मेहेरबानी करा, माझी कबर स्वच्छ ठेवा. अल्बमचं नावही त्यातूनच आलंय. जेफरसन १९२९ मध्ये गेला, टेक्सासमधल्या वर्थमला त्याला पुरलं, आणि १९६७ पर्यंत त्या कबरीवर साधा नावाचा दगडही नव्हता! हे कळल्यावर गाणं पुन्हा ऐकलं. किंग रडवेपणा अजिबात करत नाहीत, ठेक्यात गातात.

आणि किंग यांची ती गिटार, तिचं नाव ल्यूसिल. गाता गाता वाजवणं आपल्याला जमत नाही, हे किंग स्वतःच सांगत. म्हणून ओळ गायची, थांबायचं, मग ल्यूसिलनं उत्तर द्यायचं. त्यांच्या नात्यातले गिटारवादक बुका व्हाइट बोटात नळी घालून तारेवरून सरकवत; किंगना ते काही साधेना. मग त्यांनी नुसत्या बोटानं तार थरथरवून तसा आवाज काढायचा प्रयत्न केला, आणि तीच त्यांची ओळख झाली. एक सूर धरायचा, हलवायचा, सोडून द्यायचा. नवख्या कानाला याहून सोपं काय हवं?

निरोपाचा अल्बम म्हणून मात्र ऐकू नका. त्यानंतरही २०१४ पर्यंत ते मंचावर होते. २०१५ च्या मे महिन्यात गेले. मिसिसिपीतल्या इंडियानोलाला, त्यांच्याच नावाच्या संग्रहालयाच्या आवारात त्यांची कबर आहे. तिथे झाडलोट रोजची असणार.