तुम्ही विचारलंत म्हणून

"तुम्ही दोघींनी पुन्हा एकत्र प्रदर्शन का नाही केलं?" कॉलेजच्या गॅलरीतलं आमचं मिक्स्ड मीडियाचं, म्हणजे रंग, कागद, तार अशी माध्यमं एकत्र वापरलेल्या कामांचं, प्रदर्शन ज्यांनी पाहिलं होतं, ते भेटले की पहिलं हेच विचारतात. मी "वेळ जमत नाही" म्हणून सुटका करून घेते. ते खरं नाही. "भांडलात ना?" असंही कुणी विचारतं. तेही धड खरं नाही. एकदाच काय ते लिहून टाकते.

मांडणी तुम्हाला आठवत असेल. डावी भिंत माझ्या मैत्रिणीची, उजवी माझी, आणि खिडकीसमोरच्या भिंतीवर दोघींनी मिळून केलेलं एकच मोठं काम. त्यावर पुढून कुणाचीच सही नव्हती. एकत्र काम करणाऱ्या पिकासो आणि ब्राक या चित्रकारांनीही काही वर्षं पुढच्या बाजूला सही करणं टाळलं होतं, ते आम्हाला फार भावलं होतं. प्लायवुडवर माझे अ‍ॅक्रिलिकचे थर, मेण, गंजलेली तार. मधोमध तिने चिकटवलेलं वर्तमानपत्राचं अख्खं पान आणि त्यावर काळ्या पुठ्ठ्याची उभी पट्टी, फक्त वरच्या कडेला अडकवलेली.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दुपारी मी पाहिलं, तर खिडकीतून येणारं ऊन थेट त्या पानावर. माझ्या पोटात गोळाच आला. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा असतो. त्यातलं लिग्निन, म्हणजे लाकडातलाच एक घटक, उजेडाने पिवळं पडतं, कडक उन्हात तर थोड्याच दिवसांत. पिकासो-ब्राकनी 1912 पासून चित्रांत चिकटवलेले कागद आज तपकिरी दिसतात. त्यांच्या डोळ्यांसमोर होतं ते चित्र आपल्याला दिसतच नाही, याची मला कायम हळहळ वाटत आली आहे. आमच्या कामाचं तसं होऊ द्यायचं नव्हतं.

संध्याकाळी ती घरी गेली. मी थांबले. पानावर आधी अ‍ॅक्रिलिक मीडियमचा, म्हणजे रंग नसलेल्या पारदर्शक माध्यमाचा, हात दिला, वाळल्यावर अतिनील किरणं अडवणारं व्हार्निश. पहिला हात फिरला तेव्हाच कागद करडा झाला आणि मागच्या बाजूची छपाई उलटी होऊन वर आली. कुणाचा तरी अर्धा चेहरा, एका जाहिरातीची चौकट, आणि त्यावरून पुढच्या बातमीच्या ओळी. ब्रश तिथेच थांबवायला हवा होता. पण अर्धं पान ओलं, अर्धं कोरडं ठेवलं तर मधली रेघ राहील, म्हणून पूर्ण केलं. पट्टीच्या कडेपर्यंत आणलं. पट्टीखाली मात्र गेले नाही.

सकाळी ती आली. बराच वेळ पानासमोर उभी राहिली. मग म्हणाली, "अगं, ते पिवळं पडायलाच हवं होतं." खिडकीसमोरची भिंत तिने मुद्दाम मागून घेतली होती. दोन आठवडे ऊन पडणार, पान पिवळं होणार, शेवटच्या दिवशी ती पट्टी काढणार आणि खाली पहिल्या दिवसाचा कागद दिसणार. तिच्या लेखी ऊन हेच तिचं माध्यम होतं. कागदात मुरलेलं मीडियम परत काढता येत नाही, हे दोघींनाही माहीत होतं.

आता माझी बाजू. तिने हे मला सांगितलं नव्हतं. काम दोघींचं होतं, मग इतकी मोठी गोष्ट मनात का ठेवायची? आजही मी हे तितक्याच ठामपणे म्हणते. पण त्या रात्रीच्या मला विचारते, तू फोन का नाही केलास? उशीर झाला होता, असं मी सगळ्यांना सांगत आले. साडेआठ वाजले होते. फोन केला असता तर ती नको म्हणाली असती, आणि ते मला ऐकायचं नव्हतं.

तरी सगळा दोष पदरात घेणार नाही. दोन आठवडे मुलं वर्गातून सुटून यायची आणि त्याच पानासमोर रेंगाळायची. "हा चेहरा आतून कसा आणला?" असं एका मुलीने विचारलं. मैत्रीण माझ्याकडे पाहत गप्प राहिली. मीही बोलले नाही. ते चांगलं दिसत होतं, असं मला तेव्हा वाटलं. अजूनही वाटतं, आणि असं वाटावं याची लाज वाटते.

1914 साली ब्राक युद्धावर गेला आणि त्याचं आणि पिकासोचं एकत्र काम थांबलं. आमच्यात तसं काही आलं नाही. एकमेकींच्या प्रदर्शनांना जातो, चहा घेतो. तिने पुन्हा एकत्र काम करू असं म्हटलं नाही, मीही नाही.

शेवटच्या दिवशी तिने पट्टी काढली नाही. ते काम माझ्याकडे आहे, भिंतीकडे तोंड करून. पट्टी जागेवर आहे. तिच्याखाली मी न रंगवलेला कागद आहे, एवढंच मला माहीत आहे. ती मी उचलायची की तिने, हे आम्ही अजून बोललेलो नाही.