फिशटँकच्या तळाला बांधावरची काळी माती

जळगावात बोअरच्या पाण्यावर झाडांचा टँक लावायचा, तर सबस्ट्रेट (तळाचा थर) ठरवण्याआधी पाणी बघावं लागतं. दुकानातली ॲक्वासॉईल, म्हणजे टँकच्या झाडांसाठीची तयार माती, पाण्याची क्षारता ओढून पीएच उतरवते. आपलं पाणी जड, त्यामुळे जितकं पाणी बदलाल तितकी तिची ताकद लवकर संपते. म्हणून २ × १ × १ फुटाच्या टँकसाठी मी काळी माती आणि वर गिरणा नदीची रेती घेतली.

केळीच्या बागेतली माती नको. ठिबकमधून सोडलेल्या युरियाचा पाण्यात अमोनिया होतो आणि मासे जातात. खत-फवारणी न पोचलेल्या बांधावरची आणावी. खरी भीती चुनखडीची, ती पाणी आणखी जड करते. माती आणि रेती वेगवेगळ्या वाटीत घेऊन वर व्हिनेगर टाकलं. पहिल्या मातीत बाजरीएवढे पांढरे खडे होते; थेंब पडताच त्यांच्याभोवती बारीक बुडबुडे सुटले. ती माती टाकून दुसरीकडची आणली.

माती बादलीत भिजवायची, तरंगणारा काडीकचरा काढायचा, निवळल्यावर वरचं पाणी ओतून गच्चीवर वाळवायची, असं तीनदा. एप्रिलच्या उन्हात पातळ पसरली की लवकर वाळते. मग चाळून निम्मी रेती मिसळायची, कारण नुसती काळी माती फुगून घट्ट बसते. जाड थरात हवा पोचत नाही, मुळं काळी पडतात आणि काडी टोचली की सडक्या अंड्याचा वास येतो. २ सेंटिमीटर थर पुरतो. म्हणजे पूर्ण तळ धरला तर माती आणि रेती प्रत्येकी साधारण १.८ लिटर. काचेलगत दोन बोटं जागा फक्त रेतीची ठेवली. वर १ ते २ मिलिमीटर दाण्याची, स्वच्छ धुतलेली रेती ४ सेंटिमीटर. साधारण ११ किलो लागली. याहून जाड दाण्यातून माती वर येते.

पाणी ताटलीवर हळू ओतायचं. पहिला महिना आठवड्यातून दोनदा निम्मं पाणी बदललं. चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट (माशांना दोन्ही विषारी) शून्य आल्यावरच मासे सोडायचे.

व्हॅलिसनेरिया, क्रिप्टोकोरिन, ॲमेझॉन सोर्ड यांना ही माती मानवते. ॲन्युबियास आणि जावा फर्न मात्र लाकडाला बांधावेत. त्यांचा आडवा खोडकंद पुरला की सडतो. मे महिन्यात पाण्यावर छोटा पंखा हवाच, २-३ अंश उतरतात.

झाड नको झालं तर उपटू नये, रेतीलगत कापावं. उपटलं की मुळांबरोबर माती वर येते आणि सगळा टँक गढूळ होतो.