ओल्या नोंदवह्या

मंगळवार

वादळ रात्री आलं. दिवसा आलं असतं तर वर्ग भरलेले असते, हा विचार सकाळपासून डोक्यातून जात नाही. 20 मे 2013 ला अमेरिकेत ओक्लाहोमातल्या मूर इथे टोर्नेडो भर दुपारी शाळेवर आदळला आणि सात मुलं गेली. आमच्या इथे सगळी मुलं घरी होती. बाकीचं नुकसान भरून काढता येईल.

पाचवी ते सातवीच्या वर्गांवर छप्पर राहिलेलं नाही. मैदानात पडलेले पत्रे उलटेपालटे करून पाहिले. बरेचसे अख्खे आहेत, फक्त हूक जिथे बसतो तिथलं भोक फाटून मोठं झालंय. काही हूक हातात आले ते गंजून काडीसारखे झालेले. म्हणजे पत्रा टिकला, त्याला धरून ठेवणारं सुटलं. वारा छपराला खाली दाबतो असं आपल्याला वाटतं, पण वरून वेगाने जाताना तो छप्पर वर खेचतो, आणि सगळ्यात जास्त ओढ कडांना आणि कोपऱ्यांना बसते. त्यात वाऱ्याच्या तोंडावरची खिडकी फुटली की हवा आत शिरून खालूनही रेटते. वेग दुप्पट झाला की हा जोर चौपट होतो. आमच्याकडे व्हरांड्याचं आणि वर्गाचं छप्पर सलग आहे. व्हरांडा आधी उचकटला आणि वर्गाचं छप्पर सोबत घेऊन गेला.

बुधवार

आजचा सगळा दिवस ऑफिसच्या कपाटात गेला. ओल्या कागदाला एक-दोन दिवसांत बुरशी धरते, त्यामुळे बाकं आणि खुर्च्या नंतर, आधी नोंदवह्या. प्रवेशाच्या जुन्या नोंदवहीत कितीतरी जणांच्या जन्मतारखेचा एकमेव लेखी पुरावा आहे. एखादी आजी तिच्या नातवासाठी नव्हे, स्वतःसाठी दाखला मागायला येते तेव्हा आम्ही हीच वही उघडतो.

शिपाईमामा आणि मी समोरासमोर बसलो. पानं ओढून सुटी करायची नाहीत, चिखल चोळायचा नाही. थोड्या थोड्या पानांनंतर कोरा शोषक कागद सरकवायचा, तो भिजला की बदलायचा, आणि वही पंख्याच्या वाऱ्यात ठेवायची, उन्हात नाही. वायरिंग तपासल्याशिवाय मेन स्विच चालू करायचा नव्हता, म्हणून शेजारच्या इमारतीत टेबल मांडलं. बॉलपेनने लिहिलेलं जवळपास सगळं वाचता येतंय. शाईच्या पेनाचं अक्षर मात्र पसरलंय. एका पानावर फक्त आडनावं उरली आहेत. ज्या पानांचं आज काही होणार नव्हतं ती पिशवीत घालून डीप फ्रीजरमध्ये ठेवली. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही, सवडीने सुकवता येतो. मामांना आधी हे पटत नव्हतं, मग त्यांनीच फ्रीजरवर चिठ्ठी लावली : उघडू नये.

शुक्रवार

एका सभागृहात वर्ग भरवले. तीन इयत्ता एकत्र, मधे पडदा. शिकवणं फारसं झालं नाही आणि मला ते चालेल. हजेरी घेतली, प्रार्थना झाली, मधली सुट्टी ठरल्या वेळी झाली. पाचवीतल्या एकाने विचारलं, "बाई, आता रोज भरणार ना शाळा?" मी हो म्हटलं. वारा सुटला की दोन मुली दाराकडे बघतात. त्यांना मुद्दाम आतल्या बाजूला बसवलं, त्याबद्दल बोलले काहीच नाही.

काही पालकांचं म्हणणं की छप्पर होईपर्यंत सुट्टीच द्या. मला ते मान्य नाही. लांबलेली सुट्टी काही मुलांसाठी, विशेषतः मोठ्या मुलींसाठी, कायमची होते.

शनिवार

दुरुस्तीची बैठक झाली. घाई अशी की तेच पत्रे, तसेच हूक लावून पावसाआधी मोकळं व्हायचं. मी विरोध केला. ओडिशात 1999 च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसं गेली. त्यानंतर तिथे बांधलेले कितीतरी निवारे एरवी शाळा म्हणून वापरात आहेत. रोज वापर असल्याने दारं-खिडक्यांकडे, गळतीकडे लक्ष राहतं. 2013 मध्ये फायलिन चक्रीवादळ तिथे आलं तेव्हा लाखो लोकांना आधीच हलवलं होतं, आणि मृतांचा आकडा दोन अंकी राहिला. आमची मागणी त्यामानाने लहानच आहे : व्हरांड्याचं छप्पर वेगळं, कडेला आणि कोपऱ्यांत बोल्ट दाट, बोल्ट गंज न धरणारे, आणि दरवर्षी पावसाळ्याआधी तपासणी.

मुख्याध्यापक सरांनी चारही मुद्दे इतिवृत्तात लिहून घेतले. सोमवारी मिस्त्री मापं घ्यायला येणार आहेत. त्या वेळी मी तिथे असणार आहे.