पुरं तिकीट

नंदुरबार-शहादा फेरीच्या वाहकाला पंचांग बघावं लागत नाही. चैत्रात पाय सुजलेली गर्दी परतायला लागली की सप्तशृंगी गड झाला, दिवाळीत तळोद्याकडे लोंढा वळला की अस्तंब्याची यात्रा, मार्गशीर्षात घोड्यांच्या गप्पा ऐकू आल्या की सारंगखेड्याचा दत्त. प्रकाशा गावाचे प्रवासी मात्र बारमाही. तापी-गोमाईचा संगम, केदारेश्वराचं देऊळ. आमच्याकडे दक्षिण काशी म्हणतात. त्यातल्या काहींजवळ लाल फडक्यात बांधलेलं गाडगं असतं. आम्ही ओळखतो, विचारत नाही.

त्या दिवशी सकाळची फेरी होती. चालकाने देवीच्या फोटोला अगरबत्ती ओवाळली, मी पहिल्या प्रवाशाची नोट कपाळाला लावून पिशवीत टाकली आणि तिकिटं फाडायला सुरुवात केली. मशीन आलं तरी आम्ही अजून तिकीट फाडतोच.

मधल्या बाकावर सत्तरीची एक माय, एकटी. खिडकीच्या जागेवर वाकळीची घडी, तिच्यावर ते गाडगं. माणसं दांडीला लोंबकळत होती आणि एकजण तिला गाठोडं मांडीवर घे म्हणून सांगत होता. ती ऐकेना.

"भाऊ, प्रकाशाना दोन दे. मना एक, यासना एक."

महिलांना अर्ध तिकीट २०२३ पासून आहे, तिचं ते दिलं. दुसऱ्याचं काय करावं? तिने कमरेची पिशवी सोडून नवऱ्याचं आधार कार्ड पुढे केलं. पंच्याहत्तरीच्या वरचं वय. जिवंत असते तर शून्य रुपयाचं तिकीट निघालं असतं. पण ते काढलं की त्याचे पैसे महामंडळ सरकारकडून मागणार, म्हणजे मेलेल्या माणसाच्या नावावर सवलत. पुढच्या स्टेजला चेकिंगवाले चढले तर माझी नोकरीच गेली. तसं तिला समजावलं.

"फुकट नको रे भाऊ! त्या कधी फुकट बसनात नहीत. पुरं दे."

मग कळलं. सवलत आली तेव्हाही म्हाताऱ्याने आधार कार्ड कधी दाखवलंच नव्हतं. खिशात पैसे असताना हात कशाला पसरायचा, एवढंच त्याचं म्हणणं. कार्ड तिने दाखवलं ते मला नाव दिसावं म्हणून.

पुरे पैसे देऊन तिकीट मागणाऱ्याला नाही म्हणायचं मला तरी कारण दिसेना. दिलं. दांडीवाला माझ्याकडे बघायला लागला. "जागेचं तिकीट आहे," मी म्हणालो. तो थोडं पुटपुटला, मग त्याने स्वतःची पिशवी गाडग्याला लागत होती ती उचलून दुसऱ्या हातात घेतली.

वाटेत प्रत्येक थांब्याला ती वाकून गाडग्याला गावाचं नाव सांगत होती. तापीच्या पुलावर खिडक्यांतून नाणी पडली, दरवेळी पडतात. सुट्ट्यांवरून माझ्याशी भांडणारेच नदीत पाच रुपये टाकतात, हे माझं जुनं दुखणं. तिने टाकलं नाही. दोन्ही तिकिटं मुठीत धरून बसली होती.

चालकाने शहाद्याला चहा पिताना मला वेड्यात काढलं. म्हातारीचे पैसे वाया घालवलेस, म्हणाला. मला तसं वाटत नाही. संगमावर ती जे करायला निघाली होती, त्यातला एक विधी माझ्या मशीनमधून झाला, बाकीचे घाटावर. देव आहे की नाही या वादात मी पडत नाही, पण माणसाचा शब्द त्याच्या माघारी कोणी पाळत असेल तर आपण आडवं का यावं?

दुपारच्या परतीच्या फेरीला ती प्रकाशाला पुन्हा चढली. वाकळ खांद्यावर, केस ओले. एक अर्ध घेतलं आणि नंदुरबारपर्यंत अख्ख्या गाडीला ऐकवत राहिली, की घाटावरच्या गुरुजींनी दक्षिणा किती मागितली आणि तिने ती निम्म्यावर कशी आणली.