तुम्ही विचारलंत म्हणून: मोबाइल असताना मीटर कशाला?

पेट्रोल पंपावर, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, सिग्नलला शेजारी थांबलेल्या स्कूटरवरून, सगळीकडून हाच प्रश्न येतो. आमच्या जुन्या पद्मिनी गाडीचं कौतुक करून झालं की माणसं खिडकीतून आत वाकतात आणि डॅशबोर्डकडे बघून म्हणतात, "मीटर चालू आहे? अजून?" हो म्हटलं की पुढचं ठरलेलं असतं. "पण स्पीड तर मोबाइलवरही दिसतो. मग त्या एका काट्यापायी एवढे दिवस कशाला घालवलेत?"

उभ्या उभ्या याचं उत्तर देता येत नाही, तेवढ्यात सिग्नल सुटतो. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट बसून सांगते.

गाडी १९८३ची, बाबांची. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी. मूळ घराणं इटलीचं, फियाट ११००. वालचंद हिराचंद यांनी उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने ती इथे बनवली आणि १९७४ पासून तिला पद्मिनी हे नाव मिळालं. आमच्या घरात मात्र ती कायम फियाटच राहिली. तेव्हा गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागायची, त्यामुळे ती दारात आली तेव्हा बाबांनी तिच्यासाठी एक लांब वही घेतली. पेट्रोल भरलं की त्याच दिवशी नोंद: तारीख, मीटरचा आकडा, लिटर. शेवटच्या रकान्यात लिटरला किती पडलं त्याचा हिशोब. बाबा गेले त्यानंतर गाडी सहा वर्षं झाकून उभी होती. मी ती पुन्हा सुरू केली तेव्हा मीटरवर ६८,४१२ होते. वहीतली शेवटची नोंद ६८,३९७ची. मधल्या पंधरा किलोमीटरमध्ये बाबा कुठे जाऊन आले ते वहीत नाही.

इंजिन महिन्याभरात सुधारलं. काटा मात्र घुमायला लागला. ताशी तीसपर्यंत ढिम्म हलायचा नाही, मग एकदम सत्तरवर झेप, तिथून परत वीसवर. सोबत डॅशबोर्डच्या मागून किर्रकिर्र. ओळखीच्या एका गॅरेजमध्ये दाखवलं. त्यांनी मीटरमागची केबल सोडवली, तिच्यात वरून इंजिन ऑइल ओतलं आणि पाच मिनिटांत गाडी परत दिली. आवाज गेला, काटाही शहाण्यासारखा वागू लागला. तीन आठवड्यांनी एका सकाळी गाडी उभी होती आणि काटा ताशी चाळीसवर होता. तिथून तो हलला नाही. किलोमीटरचे आकडे मात्र नेहमीसारखे पुढे सरकत होते.

हे असं का झालं ते कळल्यावर मी या मीटरच्या प्रेमात पडले, म्हणून ते जरा सविस्तर सांगते.

गिअरबॉक्सच्या मागच्या अंगाला एक छोटी गरारी असते. चाकं फिरली की ती फिरते आणि तिच्यात बसवलेली केबलची इनर, म्हणजे आतली तार, फिरते. आउटर, म्हणजे बाहेरची नळी, स्थिर, इनर फिरती. इनरची दोन्ही टोकं चौकोनी असतात. एक गरारीत बसतं, दुसरं मीटरच्या पाठीत. मीटरमध्ये ते टोक एका लहान चुंबकाला फिरवतं. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते, हळदीकुंकवाच्या वाटीहून लहान, आणि काटा या वाटीच्या दांडीवर बसवलेला. चुंबक आणि वाटी एकमेकांना शिवत नाहीत. मध्ये नुसती हवा. ॲल्युमिनियमला चुंबक ओढतही नाही. तरी चुंबक फिरला की वाटीत विजेचे भोवरे उठतात आणि ती चुंबकामागे फरपटत जाऊ बघते. तिला मागे खेचायला केसासारखी बारीक स्प्रिंग. चुंबकाची ओढ आणि स्प्रिंगची ओढ जिथे सारखी होते तिथे काटा थांबतो, आणि तो तुमचा वेग. ऑटो शुल्झे नावाच्या जर्मन माणसाने ही रचना १९०२ साली पेटंट केली. ऐंशी वर्षांनी कुर्ल्यात बनलेल्या गाडीत तीच होती. बॅटरी काढून ठेवा, गाडी उतारावरून नुसती सोडा, काटा वेग सांगेल.

किलोमीटरच्या आकड्यांची वाट वेगळी. इनरच्याच फिरण्यावर, पण दात्यांच्या गराऱ्यांमधून ते थेट चालतात. म्हणून दुखणं कुठे आहे ते घरबसल्या ओळखता येतं. काटा आणि आकडे दोन्ही बंद असतील तर केबल तुटली किंवा खालची गरारी गेली. काटा चालू आणि आकडे बंद, तर मीटरमधला एखादा दाता झिजला. आकडे चालू आणि काटा बंद, म्हणजे वाटीला किंवा स्प्रिंगला काहीतरी झालं. आमचं हे तिसरं.

वाटीला झालं होतं ते त्या तेलाने. इनर म्हणजे एकावर एक, उलटसुलट गुंडाळलेल्या पोलादी तारा. ती फिरते तेव्हा स्क्रूसारखं काम करते आणि जास्तीचं तेल हळूहळू वर चढवते, थेट मीटरच्या पोटात. तिथे वाटीत आणि तिच्या दांडीपाशी चिकट तेल साचलं की वाटी जागच्या जागी चिकटते. केबलमध्ये वरून तेल ओतणं ही मदत नव्हे, हे मी आता भेटेल त्याला सांगते. इनर पूर्ण बाहेर काढायची, पुसायची, खालच्या दोन तृतीयांश भागाला ग्रीसचा पातळ हात द्यायचा आणि वरची वीतभर कोरडी ठेवायची. एवढंच.

पुण्याच्या नाना पेठेत दुकानं पालथी घातली तेव्हा एकाने मीटरवाल्या काकांचा पत्ता दिला. जिन्याखालची जागा, टेबलावर घड्याळजीसारखा दिवा. त्यांनी मीटरला हातही लावला नाही. आधी केबल मागितली.

इनर बाहेर ओढली, तिची दोन्ही टोकं दोन हातांत धरली आणि मधला भाग झोपाळ्याच्या दोरीसारखा लोंबू दिला. मग उजव्या हाताचं टोक चिमटीत अगदी सावकाश फिरवलं. "डावीकडे बघा, ताई." डावं टोक आधी हललंच नाही. उजवीकडे पाव फेरा झाला, अर्धा झाला, आणि मग डावं टोक एकदम उसळी मारून फिरलं. पुन्हा थांबलं. पुन्हा उसळी. "हाच तुमचा नाचणारा काटा," काका म्हणाले. इनरला एका जागी पीळ बसला होता. तिथे ती अडायची, ताण साठायचा आणि सुटला की काटा सत्तरवर. मीटर बिचारा त्याला जे कळत होतं तेच सांगत होता.

पीळ बसला कशाने, तर कधीतरी गाडीत गाण्यांचा टेप बसवताना केबल बाजूला रेटून काटकोनात दाबली होती. या केबलला १५ सेंटीमीटरहून कमी त्रिज्येचं वळण सोसत नाही. आतलं सगळं काम करून घेतलंत आणि केबल त्याच वळणातून परत नेलीत तर वर्षाच्या आत नवी इनरही जाईल. जुन्या गाडीत काही नवं बसवणार असाल तर आधी ही केबल कुठून जाते ते बघून ठेवा, एवढी कळकळीची विनंती.

मग मीटर. त्याची पत्र्याची कड आतून मुडपलेली असते. काकांनी बोथट पेचकसाने ती तसूतसू उचलली, एकाच जागी जोर न देता गोल गोल फिरत. काच निघाली. काट्याला हात लावण्याआधी त्यांनी आकड्यांच्या पाटीच्या (डायलच्या) कडेला, छापील भागाबाहेर, पेन्सिलने बारीक खूण केली. काटा अडवणाऱ्या खुंटीवरून उचलून सोडला की तो स्प्रिंगच्या मर्जीने जिथे विसावतो, त्या जागेची ही खूण. ती न करता काटा उपटला तर परत बसवताना सगळा अंदाजपंचे कारभार. पाटीवर त्यांनी फुंकरसुद्धा जपून मारली. मी ओल्या बोळ्याने पुसू का विचारलं तर माझा हात धरला. जुन्या पाट्यांचे आकडे ओल्या कापडाबरोबर निघून येतात.

वाटीतलं तेल टिपकागदाच्या चिंचोळ्या पट्ट्यांनी टिपलं. पट्टी घालायची, काढायची, दिव्याखाली बघायची. नऊ पट्ट्या पिवळ्या झाल्या, दहावी कोरडी आली. मग पेट्रोलचा थेंब घेतलेला बारीक ब्रश. स्प्रिंगला मात्र कशानेही शिवले नाहीत. ती एका जागी जरी वाकली तरी सगळं गणित बिघडतं. सैल पडली तर काटा जास्त वेग दाखवतो. उलट चुंबकाचा जोर वर्षानुवर्षं ओसरला असेल तर कमी.

आकड्यांच्या चाकांपाशी आल्यावर काका थांबले. "किती करू?"

मला कळलं नाही. "गाडी विकायची असेल तर लोक कमी करून घेतात," ते म्हणाले. "मी ते करत नाही. पण घरचीच गाडी आहे, मनात असेल तर शून्यावर आणून देतो. नव्याने सुरुवात."

तेव्हा मीटरवर ६९,१०३ होते. मी म्हटलं, काका, तो आकडा आहे तसाच राहू दे. यावर ते काही बोलले नाहीत. पुढचं सगळं काम त्यांनी डाव्या हाताचं एक बोट त्या चाकांवर टेकवून केलं, एकही आकडा हलू नये म्हणून.

तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर इथे आहे. मोबाइल उपग्रहांकडून मोजून वेग सांगतो, तो चांगला सांगतो, मला त्याचा उपयोगही होतो. पण तो माझ्या हाताचा वेग आहे, मी बसमध्ये असले तरी तोच सांगेल. गाडी स्वतः किती चालली, तिने किती प्यायलं, तिला ताप आहे का, हे गाडीनेच सांगायचं आणि खरं सांगायचं. लिटरला चौदा देणारी गाडी अकरावर आली की कार्बोरेटरकडे बघायचं हे बाबांना वहीतून कळायचं. आकडा खोटा झाला की वहीची सगळी पानं खोटी.

मुंबईकरांना हे वेगळं सांगायला नको. तिथल्या काळ्यापिवळ्या पद्मिनींच्या डाव्या अंगाला, बाहेर, भाड्याचा लोखंडी मीटर असायचा. तोही अशाच केबलच्या फेऱ्यांवर पैसे मोजायचा. इलेक्ट्रॉनिक मीटर येईपर्यंत "मीटर फास्ट आहे" यावरून रोज किती भांडणं झाली असतील! मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. आता त्या फेऱ्या मोजणाऱ्या गाड्या आमच्यासारख्यांच्या दारातच उरल्यात.

जुन्या मीटरच्या जागी डिजिटल बसवून घ्या, असंही सुचवतात. मीटर अगदीच गेलेला असेल, सुटे भाग मिळत नसतील, तर मी समजू शकते, आणि चालू मीटर असणं नियमानेही लागतंच. पण निम्म्याहून जास्त वेळा मीटर धडधाकट असतो आणि दुखणं बाहेर असतं. आमच्या पेट्रोलच्या काट्याचंच बघा. टाकीत कितीही भरलं तरी तो हलायचा नाही. टाकीत एक तरंगणारा फ्लोट असतो, त्याची दांडी वरखाली झाली की तारेच्या वेटोळ्यातला रोध बदलतो आणि काटा त्याप्रमाणे सरकतो. काकांनी सांगितल्याप्रमाणे मी टाकीजवळची वायर काढली, बॉडीला टेकवली आणि लेकीला किल्ली फिरवायला लावली. काटा पूर्ण सरकला. बंद करून वायर उचलली, पुन्हा किल्ली, काटा दुसऱ्या टोकाला. म्हणजे काटा ठीक, वायर ठीक. गडबड टाकीपाशी. कोणीतरी गंजू नये म्हणून टाकीला छान जाड रंग दिला होता, स्क्रूंच्या खालीसुद्धा. अर्थिंगच मिळत नव्हतं. पॉलिश पेपरने रुपयाएवढी जागा घासली, दहा मिनिटांत काम झालं. (हे करताना पेट्रोलची वाफ कोंडलेली नको आणि वायर टेकवायची ती किल्ली बंद असताना. ठिणगीला निमित्त देऊ नका.) टेम्परेचरचा काटाही त्याच आठवड्यात अशाच एका गंजलेल्या टोकाने सुधारला. डॅशबोर्डमागे हात घालण्याआधी बॅटरीची वायर काढा, हेही सांगून ठेवते.

मीटर परत बसवल्यावर तो खरं बोलतो का हे बघायचं होतं. आईला शेजारी बसवलं, तिच्या हातात बाबांचं सेकंदकाट्याचं घड्याळ. दिवे घाट चढून, सासवड मागे टाकून जेजुरीच्या रस्त्याला लागलो. तिथे सपाट पट्टा आहे आणि किलोमीटरचे दगड दिसतात. ताशी साठ म्हणजे एका किलोमीटरला साठ सेकंद, गणित सोपं. काटा साठवर धरला. तो कापलेल्या दोरासारखा सरळ उभा होता, जरासुद्धा हलत नव्हता. एक दगड गेला, आई पुटपुटत मोजत राहिली, दुसरा दगड आला.

"बासष्ट."

म्हणजे खरा वेग अठ्ठावन्नच्या आसपास. परत येताना त्याच दगडांमध्ये पुन्हा मोजलं. तेव्हाही बासष्ट. काकांना फोन केला तर म्हणाले, दोनने पुढे आहे ना, असू द्या, मागे असता तर उघडला असता.

सासवडला पेट्रोल भरलं. वही आईने माझ्या हातातून घेतली आणि बाबांच्या रकान्यांत तिच्या अक्षरात तारीख लिहिली, मग मीटरचा आकडा, मग लिटर. हिशोबाच्या रकान्याशी थोडी थांबली, बोटांवर काहीतरी मोजलं आणि लिहिलं, साडेतेरा.