लग्नसराईचं फुटेज एका सर्व्हरवर: दोन-तीन एडिटरांच्या स्टुडिओसाठी

तुळशीचं लग्न लागलं की सांगली-साताऱ्यातल्या व्हिडिओवाल्यांची धावपळ सुरू होते. हळदीचं फुटेज एका पोर्टेबल डिस्कवर, लग्नाचं दुसऱ्या डिस्कवर, आणि शेवटची कॉपी कुठली ते कुणालाच ठाऊक नसतं. सगळं फुटेज एका सर्व्हरवर, म्हणजे नॅसवर (नेटवर्कला जोडलेल्या डिस्कच्या डब्यावर) ठेवणं हा यावरचा चांगला उपाय आहे. पण नुसता चार डिस्कचा डबा आणून राउटरला जोडला तर टाइमलाइन अडखळणारच. आधी हिशोब मांडायला हवा.

कॅमेऱ्याचा वेग मेगाबिटमध्ये लिहिलेला असतो आणि कॉम्प्युटर कॉपीचा वेग मेगाबाइटमध्ये दाखवतो, म्हणून आठने भागायचं. १०० एमबीपीएसचं (सेकंदाला १०० मेगाबिटचं) फोर-के फुटेज सेकंदाला १२.५ एमबी, म्हणजे तासाला ४५ जीबी. तीन कॅमेरे प्रत्येकी सहा तास चालले तर एका लग्नाचे ८१० जीबी झाले. साध्या गिगाबिट (सेकंदाला १,००० मेगाबिटच्या) नेटवर्कवर प्रत्यक्षात सेकंदाला ११०-११५ एमबी मिळतात. चार अँगलचा मल्टिकॅम (चारही कॅमेऱ्यांचं फुटेज एकदम) लावला की एकट्या एडिटरला ५० एमबी लागतात. दोघं बसले की १००. तिसऱ्याला जागाच उरत नाही. प्रोरेस ४२२ या एडिटिंगच्या जड फॉरमॅटमध्ये काम असेल तर २५ फ्रेमचा फोर-के एकच ट्रॅक सुमारे ४९२ एमबीपीएस, म्हणजे ६१ एमबी खातो. असे दोन ट्रॅक गिगाबिटवर चालतच नाहीत.

वायर ही सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. कॉपीचा वेग ११-१२ एमबीवर येऊन थांबला असेल तर सर्व्हरला दोष देऊ नका. लिंक १०० एमबीपीएसवर बसली आहे एवढाच त्याचा अर्थ. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोन पुरतात. त्यामुळे एखादी तार कनेक्टरमध्ये नीट क्रिंप झाली (दाबून बसली) नसली तरी कनेक्शन चालू दिसतं, वेग मात्र दहापट घसरतो. २५६ जीबीचं कार्ड साधारण ४० मिनिटांत उतरायला हवं, तिथं सहा तास लागतात. इंटरनेटवाल्याने बसवलेल्या काही राउटरांचे पोर्टही १०० चेच असतात. म्हणून एडिटिंगची मशीनं आणि सर्व्हर वेगळ्या गिगाबिट स्विचवर घ्या आणि राउटरला त्यातून एकच वायर द्या. वाय-फायवर एडिटिंग करूच नका.

बाजारात स्वस्तात मिळणारी बरीचशी केबल तांब्याची नसते, ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. तारेचं टोक ब्लेडने खरवडून पाहा. आतून पांढरी चकाकी दिसली तर ती परत करा. वाकवली की ती तुटते आणि लांब अंतरावर तिच्यातला सिग्नल कमजोर पडतो. शुद्ध तांब्याची कॅट-६ घ्या. गिगाबिट १०० मीटरपर्यंत जातं. पुढे १०-गिगाबिट करायचं असेल तर कॅट-६ वर ५५ मीटरची मर्यादा धरा, त्यापेक्षा लांब असेल तर कॅट-६ए.

आता डिस्क. फिरत्या हार्ड डिस्कला एकाच जागेवरून सलग वाचायला दिलं तर ती सेकंदाला १५०-२०० एमबी सहज देते. पण एक जण संगीतचं फुटेज स्क्रब करतोय (पुढे-मागे सरकवून बघतोय), दुसरा वरातीचं, आणि त्याच वेळी तिसरा कार्ड उतरवतोय, असं झालं की डिस्कचं हेड इकडून तिकडे पळत राहतं. प्रत्येक उडीला काही मिलिसेकंद जातात आणि एकूण वेग कोसळतो. नेटवर्कच्या आलेखात लाइन रिकामी दिसते आणि तरीही सगळ्यांची मशीनं अडकतात, त्याचं कारण बहुतेकदा हेच. कार्डं जेवणाच्या सुट्टीत किंवा रात्री उतरवायची शिस्त लावली तर एक पैसाही न घालता निम्मा त्रास जातो. दुसरा नियम त्याहून महत्त्वाचा. मीडिया कॅश, प्रीव्ह्यू आणि रेंडर फाइल सर्व्हरवर कधीच नकोत. त्या फायली लहान, असंख्य आणि सतत बदलणाऱ्या. त्यांच्यासाठी प्रत्येक मशीनमध्ये ५०० जीबी किंवा १ टीबीची एसएसडी हवीच.

गिगाबिटवर तीन जण बसवायचे असतील तर प्रॉक्सीशिवाय, म्हणजे एडिटिंगपुरत्या बनवलेल्या हलक्या प्रतीशिवाय, पर्याय नाही, आणि त्यात कमीपणाही नाही. एचडी आकारातली प्रोरेस प्रॉक्सी ३८ एमबीपीएसची, म्हणजे सेकंदाला पाच एमबीसुद्धा नाही. तिघांनी चार-चार अँगल लावले तरी ६० एमबीच्या आत भागतं. मात्र आधी टास्क मॅनेजर उघडून पाहा. इथरनेट मोकळं, डिस्कही शांत, पण प्रोसेसर १०० टक्क्यांवर असेल तर दुखणं सर्व्हरचं नाही. एच.२६४ मधलं १०-बिट ४:२:२ (रंगाची जास्त माहिती असलेलं) फुटेज बऱ्याच ग्राफिक्स कार्डांना हार्डवेअरवर उलगडता येत नाही. तिथे १०-गिगाबिट नेटवर्क टाकूनही फरक पडणार नाही, प्रॉक्सीनेच पडेल.

मूळ फुटेजवरच काम करायचं असेल तर सर्व्हरला आणि मुख्य एडिटरच्या मशीनला १०-गिगाबिट कार्ड टाका आणि दोघं थेट एका केबलने जोडा. स्विचचा खर्च वाचतो. आयपी पत्ता एका बाजूला १०.१०.१०.१, दुसऱ्या बाजूला १०.१०.१०.२, सबनेट २५५.२५५.२५५.०, आणि गेटवे रिकामा. गेटवे भरला तर इंटरनेट या वायरवरून शोधलं जातं आणि बंद पडतं. जंबो फ्रेमच्या (नेटवर्कवरचं डेटाचं पाकीट १५०० ऐवजी ९००० बाइटचं करण्याच्या) नादी आधीच लागू नका. एका टोकाला ९००० आणि दुसऱ्या टोकाला १५०० राहिलं की फोल्डर दिसतात, पण मोठी फाइल उघडताना सगळं लटकतं. दोन गिगाबिट पोर्ट एकत्र बांधल्याने एका कॉपीचा वेग सहसा दुप्पट होत नाही, हेही लक्षात ठेवा.

विंडोजमध्ये मॅप नेटवर्क ड्राइव्ह करताना सगळ्या मशीनवर एकच अक्षर द्या, उदाहरणार्थ झेड. एकाकडे झेड आणि दुसऱ्याकडे वाय असेल तर प्रोजेक्ट उघडल्यावर मीडिया ऑफलाइन दिसणारच. प्रीमियरमध्ये एकच प्रोजेक्ट फाइल दोघांनी उघडली तर ज्याने शेवटी सेव्ह केलं त्याचंच काम टिकतं. त्यासाठी प्रीमियरमधलं प्रॉडक्शन्स वापरा, त्यात प्रोजेक्टला कुलूप लागतं. डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये एकत्र काम करायचं तर प्रोजेक्ट सर्व्हर बसवा, साधी लायब्ररी शेअर फोल्डरमध्ये टाकू नका.

८ टीबीच्या चार डिस्क रेड-५ मध्ये (एक डिस्क बिघडली तरी डेटा टिकेल अशा जोडणीत) २४ टीबी देतात, विंडोजमध्ये ते २१.८ दिसतात. घेताना सीएमआर (ट्रॅक शेजारी-शेजारी लिहिणारी) डिस्क आहे ना, विचारा. एसएमआर (ट्रॅक एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या) डिस्कवर रिबिल्ड, म्हणजे बिघडलेली डिस्क बदलल्यावर डेटा पुन्हा भरणं, फार रेंगाळतं. आणि रेड म्हणजे बॅकअप नव्हे. नेटवर्क ड्राइव्हवरून डिलीट केलेली फाइल तुमच्या मशीनच्या रिसायकल बिनमध्ये जात नाही. सर्व्हरवरचं रिसायकल बिन आणि स्नॅपशॉट (फायलींची आधीची स्थिती जपणारी सोय) पहिल्याच दिवशी चालू करा. लाइट जाण्याचा भरवसा नाही, म्हणून यूपीएसवर सर्व्हर आणि स्विच दोन्ही लावा, आणि यूपीएसची यूएसबी केबल सर्व्हरला जोडा. बॅटरी संपत आली की तो स्वतःहून नीट बंद होतो.

सांगलीकरांसाठी एक जास्तीची गोष्ट. २००५, २०१९ आणि २०२१ चं पाणी आपण सगळ्यांनी पाहिलंय. स्टुडिओ मारुती चौक, टिळक चौक, गावभाग या पट्ट्यात असेल तर सर्व्हर तळमजल्यावर नको. दुसरी प्रत कृष्णेपासून लांब, तासगाव किंवा कुपवाडच्या नातेवाइकांकडे ठेवा. दोन यूएसबी डिस्क आलटून पालटून वापरा. एक स्टुडिओत भरत असताना दुसरी तिकडे राहते. दर महिन्याला अदलाबदल करताना त्यातल्या एखाद्या लग्नाची क्लिप उघडून, शेवटपर्यंत चालवून बघा.