बोटं जांभळी का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. भाजीवाला विचारतो, "ताई, मतदान होतं का कुठे?" परवा एका लग्नात मावशींनी तर चारचौघांत माझा हात उलटासुलटा करून पाहिला. शाई नाही हो ती, क्रिस्टल व्हायोलेट आहे. तोंड आलं की पूर्वी दवाखान्यात जांभळं औषध लावायचे ना, त्यातला मुख्य रंग हाच. मी कॉलेजात मायक्रोबायॉलॉजीची प्रॅक्टिकल्स घेते. पहिल्या वर्षाची मुलं आली की ग्राम स्टेनिंग, म्हणजे जंतू रंगवून ओळखायची रीत, सुरू होतं आणि माझे हात असे होतात. हातमोजे आहेत, पण बाटलीचं गळकं बूच नेमकं मोजे काढल्यावरच हाताला लागतं.

जंतू एक-दोन मायक्रोमीटरचे, वर जवळजवळ पारदर्शक. रंगवल्याशिवाय नीट दिसतच नाहीत. आम्ही सुरुवात दह्यापासून करतो. स्लाइडवर पाण्याचा थेंब, त्यात लूपने, म्हणजे तारेच्या बारीक कडीने, तीळभर दही. पसरायचं, वाळवायचं आणि बर्नरच्या ज्योतीवरून दोन-तीनदा फिरवायचं. स्लाइड मनगटाच्या वर टेकवली तर सोसली पाहिजे, इतकीच गरम. मग एक मिनिट क्रिस्टल व्हायोलेट, पाणी, एक मिनिट आयोडीन, परत पाणी. इथवर सगळेच जंतू जांभळे.

खरी गंमत पुढच्या अल्कोहोलमध्ये. स्लाइड तिरकी धरून थेंब थेंब सोडायचं. खालच्या कडेने जांभळा ओघळ येतो, फिकटत जातो आणि पाण्यासारखा झाला की त्याच क्षणी नळाखाली. जेमतेम दहा-पंधरा सेकंदांचा खेळ. क्रिस्टल व्हायोलेट आणि आयोडीन मिळून पेशीत एक मोठा गुंता तयार झालेला असतो. दह्यातल्या जंतूंची भिंत जाड, पेप्टिडोग्लायकन नावाच्या जाळीदार पदार्थाची. अल्कोहोलने ती सुकून आवळते आणि गुंता आतच अडकतो. आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जंतूची भिंत पातळ, तिच्यावर मेदाचं आवरण. अल्कोहोल ते आवरण विरघळवतं आणि रंग धुऊन जातो. मग सॅफ्रॅनिन हा दुसरा रंग लावला की तो गुलाबी दिसतो.

दरवर्षी एक तरी मुलगा विचारतो, "मॅडम, किती ग्राम घ्यायचं?" अरे, ग्राम हे आडनाव आहे! हान्स क्रिश्चियन ग्राम, डेन्मार्कचा डॉक्टर. 1884 मध्ये त्याने ही रीत छापली. बर्लिनमध्ये तो न्यूमोनियाने गेलेल्यांच्या फुफ्फुसांत जंतू शोधत होता. गुलाबी सॅफ्रॅनिन त्याचं नाहीच, ते मागाहून आलं. आपली रीत अपुरी आणि सदोष आहे, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. मला हा माणूस त्यासाठीच आवडतो.

माझ्या परीक्षेत मला स्टॅफिलोकोकस आला होता, जाड भिंतीचा जंतू, म्हणजे जांभळाच दिसायला हवा. द्राक्षांसारखे घोस छान दिसले, पण गुलाबी! मी घड्याळाकडे बघत अल्कोहोल ओतत बसले होते. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी आयपीसला डोळा लावला आणि म्हणाले, "रंग सुंदर आलाय. दुसऱ्याचा आलाय." मार्क गेले. आता मुलांना घड्याळ बघूच देत नाही, ओघळ बघा म्हणते.

आणि हो, साबणाने जात नाही. स्पिरिटने थोडं फिकटतं, बाकी तीन-चार दिवसांत आपोआप. तोवर सोमवारची बॅच येते.